निर्मनुष्य किनारा

शिरोड्याच्या तिठ्यावर एस्टीतून उतरलो तेव्हा माझ्या पाठीवर एक पिशवी होती, पिशवीत चार पुस्तके होती आणि खिशात पाचएक दिवस पुरतील एवढे पैसे होते. वीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. दुकानाच्या फळीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पिशवीकडे पाहून विचारले, "कोणागेर इलास?" कोणाकडेच नाही, समुद्र बघायला आलो आहे, असे मी काहीशा अभिमानाने सांगितले. कोणाचाही पाहुणा न होता, कोणाचीही चिठ्ठी खिशात न घेता एका अनोळखी गावी येऊन पडण्यात काहीतरी मोठे आहे, असे त्या वयात वाटत असे. गृहस्थांनी मान हलवली. क्षणभर थांबून त्यांनी पुन्हा विचारले, "होय, पण कोणागेर?"

मालवणीतल्या या 'गेर'ला प्रमाण मराठीत नेमका पर्याय नाही. आपल्या 'कडे'मध्ये दिशाही येते आणि माणूसही येतो. 'समुद्राकडे' आणि 'मामाकडे' या दोन्ही ठिकाणी तेच एक अव्यय निमूटपणे काम करते. 'गेर' मात्र फक्त माणसाला लागते आणि त्या माणसाचे घर सोबत घेऊन येते. समुद्रागेर कोणी जात नाही. तेव्हा त्या गृहस्थांना माझे उत्तर उद्धट वाटले नसावे, त्यांना ते अपुरे वाटले. मी वाक्य अर्धवट टाकून गप्प बसलो आहे, अशीच त्यांची समजूत झाली असणार. पुढे कित्येक वर्षे मी हा प्रसंग गमतीने सांगत असे. त्यात हसण्यासारखा भाग माझा होता, हे कळायला वेळ लागला.

पाठीवर पिशवी टाकून, स्वस्तात, एकट्याने हिंडणाऱ्या माणसाला 'बॅकपॅकर' म्हणतात, आणि हा शब्द आपण जसाच्या तसा घेतला आहे. घेतला ते बरेच झाले. वाटसरू, पांथस्थ, यात्रेकरू, फिरस्ता हे आपले शब्द जवळचे वाटले तरी ते त्याला लागू पडत नाहीत. वाटसरूला कुठेतरी पोचायचे असते, यात्रेकरूला देव असतो, फिरस्त्याला बहुधा धंदा असतो. कोकणात तर पिशवी घेऊन येणाऱ्या माणसाचे नाव फार पूर्वीच ठरून गेलेले आहे: चाकरमानी. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात पोराबाळांसह येतो. त्याची पिशवी येताना मुंबईच्या वस्तूंनी फुगलेली असते आणि जाताना सोले, कुळथाचे पीठ, सुकट, नारळ यांनी जड होते. त्या पिशवीला दोन्ही बाजूंनी वजन आहे. बॅकपॅकरच्या पिशवीचे कौतुक ती हलकी असण्यात असते. तो काही आणत नाही, काही नेत नाही, असे तो समजतो; किनाऱ्यावर फक्त पावलांच्या खुणा सोडून जावे, अशा अर्थाची पाटीही आता पर्यटनस्थळी वाचायला मिळते. मात्र पिशवी हलकी असली तरी रिकामी नसते. तिच्यात काय भरलेले असते, याविषयी मला इथे लिहायचे आहे.

१९७३ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने 'अक्रॉस एशिया ऑन द चीप' ही पुस्तिका काढली. युरोपातून जमिनीच्या मार्गाने आशियात येणाऱ्या तरुणांसाठी ती होती, आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या प्रकाशनसंस्थेचे भारतावरचे मार्गदर्शक पुस्तक १९८१ साली आले. तोपर्यंत गोव्यात कळंगुट आणि हणजूण या गावांची नावे जगभरच्या पिशव्यांत पोचली होती. तिथे गर्दी झाली तसे स्वतःला खरे भटके म्हणवणारे उत्तरेला हरमलकडे सरकले. हरमलहून तेरेखोलची खाडी ओलांडली की रेडी, आणि रेडीच्या पुढे शिरोडा. या सरकण्यामागे एक शब्द आहे, 'अजून'. हा किनारा अजून बिघडलेला नाही, हे गाव अजून कोणाला ठाऊक नाही. त्या 'अजून'मध्ये बोलणाऱ्याच्या नकळत एक कबुली दडलेली आहे, की मी आलो म्हणजे आता ते बिघडायला लागेल. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि नंतरच्या काळात पुण्यामुंबईच्या आमच्यासारख्या मुलांनाही हा 'अजून' परवडू लागला. आम्ही गोऱ्या भटक्यांची नक्कल करत होतो, असे म्हणणे सोपे आहे आणि ते निम्मेच खरे आहे. आमच्या पिशवीतली निम्मी सामग्री स्वदेशी होती. ती मराठी साहित्याने भरलेली होती.

शिरोडा-आरवली-वेंगुर्ले हा पट्टा मराठीच्या विद्यार्थ्याला अनोळखी असूच शकत नाही. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्या काळातल्या. शेजारचे आरवली हे जयवंत दळवींचे. वेंगुर्ले हे मंगेश पाडगावकरांचे जन्मगाव, चिं. त्र्यं. खानोलकर त्याच परिसरात जन्मले आणि 'कोंडुरा' हे नाव त्यांनी १९६६ साली कादंबरीला दिले ते वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रकाठच्या एका ठिकाणाचे. एवढ्या थोड्या मैलांत एवढे लेखक! आम्ही तर या प्रदेशाला तीर्थक्षेत्र मानून निघालो होतो. आरवलीच्या वेतोबाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा मी देवाच्या आधी पुस्तकांतून पाहिल्या होत्या. शिरोड्याची मिठागरे पाहताना मे १९३० चा सत्याग्रह आठवला आणि पाठोपाठ, त्या वेळी खांडेकर याच गावात होते, हेही आठवले. डोळ्यांसमोर खाऱ्या पाण्याचे चौकोन होते, कडेला मिठाचे ढीग होते, उन्हात वाकून काम करणारी माणसे होती. आणि मी मनातल्या मनात तळटीपा लिहीत होतो.

माझ्या पिशवीतले सर्वांत जीर्ण पुस्तक दळवींचे 'सारे प्रवासी घडीचे' हे होते. १९६४ चे हे पुस्तक प्रवासवर्णन नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही. पण त्याच्या शीर्षकाकडे आपण पुरेसे थांबून पाहत नाही. या पुस्तकातले 'प्रवासी' कोण आहेत? बहुतेक सगळे असे, की जे गाव सोडून फारसे कुठे गेलेच नाहीत. पडवीत बसून, देवळात जाऊन, भांडणे करून, तऱ्हेवाईकपणा जपून, ते त्याच मातीत संपले. त्यांना दळवी प्रवासी म्हणतात. शब्द जुनाच आहे, संतांपासून चालत आलेला. पण दळवींनी तो गावातल्या जागच्या जागी राहिलेल्या माणसांना लावला, तेव्हा त्याला एक नवी धार आली. गाव स्थिर आणि पाहुणा चंचल, ही आपली नेहमीची मांडणी. दळवी ती उलटवतात: गावच ओसरत चालले आहे, आणि मुंबईला गेलेला लेखक तेवढा काठावर उभा राहून ते मोजतो आहे. मी हे पुस्तक आरवलीच्या एका चिऱ्याच्या गडग्यावर बसून पुन्हा वाचले, तेव्हा मला वाटले की आता मी गाव 'पाहिले'. आज वाटते, मी त्या दिवशी एक उत्तम पुस्तक वाचले. गाव पाहायचे राहूनच गेले होते.

कारण असे, की त्या पुस्तकात समुद्र जवळजवळ नाही. तो आहे, ऐकू येतो, वाऱ्याबरोबर येतो. पण गाव त्याच्याकडे तोंड करून बसलेले नाही. दळवींच्या लेखनात मासळी येते ती बहुधा ताटात येते, आणि काय चवीने येते! ती जाळ्यातून ताटात कशी आली, हा प्रदेश मात्र पानाबाहेर राहतो. ही दळवींची उणीव म्हणून मी सांगत नाही. ते वाडीतून लिहीत होते आणि वाडीची रचनाच तशी आहे. या किनाऱ्यावरच्या गावांत हिंडताना हे डोळ्यांना दिसते: आधी पुळण, मग सुरूचे बन किंवा केवड्याची जाळी, मग माड, मग गडगे, आणि त्यांच्या आत, वाऱ्यापासून जपून, कौलारू घरे. घराचे खळे रस्त्याकडे, देवळाकडे, शेताकडे उघडते. समुद्राकडे घराची पाठ असते. सूर्यास्त पाहण्यासाठी कोणी घर बांधत नव्हते. खारा वारा आणि पावसाळ्यातले उधाण यांच्याशी ज्यांना राहायचे आहे त्यांना ते शहाणपणाचे वाटलेच नसते. किनारा ही गावाची मागची बाजू. आणि या मागच्या बाजूला गाबितांची घरे, होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी. गावगाड्याने ज्यांना कडेला ठेवले त्यांच्याकडे समुद्र होता. पर्यटन आले आणि एकाएकी गावाची मागची बाजू ही पुढची बाजू झाली. ही उलथापालथ किती मोठी आहे, याची नोंद अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी कदाचित केली असेल. साहित्याच्या अभ्यासकांनी अजून तिच्याकडे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी पुळणीवर गेलो तो सूर्योदय पाहायला. पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातून सूर्योदय होत नाही, एवढे भूगोलाचे ज्ञान मला होते. तरीही गेलो, कारण पहाटे किनाऱ्यावर जायचे असते. तिथे रापण चालली होती. रापण म्हणजे काय ते मी ऐकून होतो. दोराचे एक टोक काठावर ठेवून होडी जाळे सोडत समुद्रात जाते, मोठा अर्धवर्तुळाकार फेरा घेते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर किनाऱ्याला परत लागते. मग दोन रांगा लागतात आणि दोन्ही दोर ओढायला सुरुवात होते. ओढणे म्हणजे जोर लावून धावणे नव्हे. मागे रेलून, टाचा वाळूत रोवून, एका लयीत पाऊल पाऊल मागे सरकायचे; रांगेच्या शेवटी पोचलेल्याने दोर सोडून पाण्याजवळ जायचे आणि पुन्हा पुढून धरायचे. दोन रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ येतात. हे तासभरही चालते, अधिकही. मी थोड्या अंतरावर कॅमेरा घेऊन उभा होतो. रांगेतल्या एकाने मान न वळवता हाक मारली, "बघीत काय रवलंस? दोर धर!"

धरला. काही मिनिटांत तळहात सोलवटले आणि माझ्यामुळे रांगेची लय बिघडते आहे हे माझ्याही लक्षात आले. पण कोणी काही बोलले नाही. पुरुष होते, बायका होत्या, शाळेत जाण्याआधी आलेली दोन मुले होती, एक अतिशय वृद्ध गृहस्थ होते, ज्यांचा दोराला केवळ स्पर्श होता. मी मोजली तेव्हा चाळीसच्या आसपास माणसे भरली. जाळ्याचे पोट काठाला लागले तेव्हा पाणी एकदम उकळल्यासारखे झाले: तारल्या, काही बांगडे, थोडी सुंगटे, आणि बरीचशी निरुपयोगी म्हणून बाजूला टाकायची जिन्नस. वर घिरट्या घालणारे पक्षी, खाली कुत्री, पाट्या घेऊन आलेल्या विकणाऱ्या बायका, भावावरून शिव्या. मग वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. आणि शेवटी, दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला थोडे थोडे. त्या वृद्ध गृहस्थांनाही. मलाही: केळीच्या पानात गुंडाळलेले पाच बांगडे. मी पैसे काढले तेव्हा हाक मारणारा माणूस पहिल्यांदाच रागावला. हे विकत घेतलेले नव्हे, हा वाटा आहे, एवढे त्याने सांगितले आणि तो जाळे धुवायला निघून गेला.

एवढे होऊनही मी परत आल्यावर काय लिहिले ते सांगितले पाहिजे. एका दिवाळी अंकासाठी मी त्या प्रवासावर लेख दिला. त्याची सुरुवात 'निर्मनुष्य किनारा' या शब्दांनी होत होती. पुढे सुरूच्या बनातली शीळ होती, मावळतीचे रंग होते, खांडेकर-दळवी-खानोलकर होते, अंतर्मुख होणे होते. रापणीचा उल्लेख एका वाक्यात होता आणि त्या वाक्यात दोर ओढणारी माणसे 'निसर्गाशी एकरूप' झाली होती. लेख बरा झाला, असे चारजण म्हणाले. पुढच्या वर्षी पुन्हा शिरोड्याला गेलो तेव्हा अंक सोबत नेला आणि मला हाक मारणाऱ्या त्या माणसाच्या घरी दिला. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिचा विषय मराठी होता. तिने तो लेख पडवीत बसून, माझ्यासमोर, शेवटपर्यंत वाचला. मग अंक मिटून विचारले, "दादा, ह्यात आमी खंय आसव?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादा संदर्भ सापडत नाही म्हणून विद्यार्थी विचारतो तसे तिने विचारले, आणि म्हणूनच मला उत्तर देता येईना. ज्या पहाटे मी चाळीस माणसे मोजली होती, त्याच किनाऱ्याला मी निर्मनुष्य म्हटले होते. खोटे लिहावे असे मनात नव्हते. मग तो शब्द आला कुठून? तो पिशवीतून आला. 'किनारा' लिहिले की 'निर्मनुष्य' आपोआप पुढे सरकतो, जसे 'सायंकाळ' लिहिले की 'कातर' येते. हे विशेषण मी रचले नव्हते, मला ते तयार मिळाले होते: शाळेतल्या निबंधातून, कवितांच्या रसग्रहणातून, मासिकांच्या पर्यटन विशेषांकांतून. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके आपल्या परीने तेच सांगत होती. दोघांच्या मते किनारा सुंदर होण्यासाठी तो आधी रिकामा व्हावा लागतो. भटक्याला तो स्वतःसाठी रिकामा हवा असतो, आणि आमच्या साहित्यिक संवेदनशीलतेला अंतर्मुख होण्यासाठी. तिथे दोर ओढणारा माणूस आला की तो एक तर अडथळा होतो, नाही तर चित्रातला आकार. अंतर्मुख होणाऱ्याने समोरच्याचे तोंड पाहायचे नसते, असा काहीतरी आपला संकेत झाला आहे. खांडेकरांची पिढी सागराला जीवनाची उपमा देत होती. आमच्या पिढीने उपमा टाकून दिली, पण उपमेसाठी मोकळी केलेली जागा तशीच ठेवली.

एका विशेषणावरून एवढे का बोलावे, असे कोणी विचारील. तर त्याचे कारण साहित्याबाहेरचे आहे. किनारा निर्मनुष्य आहे असे म्हणणारे आपण एकटे नाही; नकाशाही तेच म्हणतो. होड्या ओढून ठेवण्याची जागा, जाळी पसरण्याची जागा, मासळी सुकवण्याची जागा ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते, पण सातबाऱ्यावर ती बहुधा सापडत नाही. कागदावर तिथे वाळू आहे. शिरोड्याच्याच वेळागरला पंचतारांकित हॉटेलासाठी सरकारने १९९०च्या दशकात जमीन संपादित केली आणि त्यावरून गावकऱ्यांचा संघर्ष वर्षानुवर्षे चालला. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामास मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला आणि तात्पुरत्या पर्यटन सुविधांना, म्हणजे झोपड्यांसारख्या उपाहारगृहांना वगैरे, भरतीरेषेच्या दहा मीटरपर्यंत येऊ दिले. समुद्राच्या बाजूनेही रापणकाराला जागा कमीच होत गेली आहे. पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौकांविरुद्ध पारंपरिक मच्छीमारांना लढावे लागले तेव्हा कुठे २०१६ साली राज्य सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले. या सगळ्याशी माझ्या लेखाचा संबंध नव्हता, हे मला मान्य आहे. दिवाळी अंक वाचून कोणी जमिनी संपादित करत नाही. पण 'इथे कोणी नाही' हे वाक्य जेव्हा एखाद्या प्रकल्पाच्या कागदावर येते तेव्हा ते वाचणाऱ्या सुशिक्षित मराठी माणसाला ते खटकत नाही, आणि ते न खटकण्याची तयारी आपण त्याच्याकडून शाळेपासून करून घेतलेली असते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की साहित्याने प्रत्येक वाडीची, प्रत्येक जातीची हजेरी घ्यावी काय? घेऊ नये. खानोलकरांचा कोंडुरा घ्या. तिथला समुद्र कोणाच्या उपजीविकेचा हिशेब देत नाही, आणि तरीही तो मला कोणत्याही पर्यटनलेखापेक्षा खरा वाटतो. कारण तो पाहणाऱ्याला सुख द्यायला तिथे नाही. तो वर देतो आणि त्या वरातूनच माणसाचा घात होतो. समुद्राला भिणारा लेखक किनाऱ्याला रिकामे म्हणूच शकत नाही. तेव्हा माझी मागणी हजेरीची नाही. ज्याला किनाऱ्यावरच्या माणसांविषयी लिहायचे नाही त्याने लिहू नये. त्यांना पुसून मात्र टाकू नये, एवढेच. अर्थात एक गोष्ट मनात येतेच. बंगालीत अद्वैत मल्लबर्मन यांनी 'तितास एकटि नदीर नाम' लिहिली. ते स्वतः मालो या मच्छीमार समाजात जन्मलेले. त्या कादंबरीतली नदी पाहण्याची वस्तू नाही, ती घरातल्या माणसासारखी आहे. आपल्याकडे एवढा मोठा किनारा, एवढे किनाऱ्याकाठचे लेखक, आणि होडीतून किनाऱ्याकडे पाहणारी त्या तोलाची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. कोणाच्या आली असेल तर मला ती हवी आहे.

दुसरा आक्षेप बॅकपॅकरच्या बाजूचा आहे आणि तो मी आनंदाने मान्य करतो. पंचतारांकित कुंपणाच्या आत उतरणाऱ्यापेक्षा हा पिशवीवाला गावाला परवडतो. त्याला गावातली एस्टी लागते, टपरीवरचा चहा लागतो, कोणाच्या तरी घरची खोली लागते, विहिरीचे पाणी लागते; नाइलाजाने का होईना, त्याला बोलावे लागते. मात्र त्याचा एक अभिमान मला सहन होत नाही, तो म्हणजे स्वस्ताईचा. तीनशे रुपयांच्या खोलीसाठी पन्नास रुपये कमी करून घेतल्याची कथा मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि पूर्वी स्वतः सांगितलीही आहे. ते पन्नास रुपये कोणाच्या न्हाणीघरातल्या पाण्याचे होते हे त्या कथेत कधी येत नाही.

त्या मुलीचे पुढे लग्न झाले, ती आता डोंबिवलीला असते आणि शाळेत मराठी शिकवते. मेमध्ये माहेरी येते. तिलाच आता गावात चाकरमानी म्हणतात. वडिलांनी रापण अजून सोडलेली नाही, पण रांगेत आता वीसही माणसे जमत नाहीत आणि त्यांतली काही रोजाने आणलेली असतात. गेल्या डिसेंबरात मी विभागातल्या अकरा विद्यार्थ्यांना घेऊन शिरोड्याला गेलो. खांडेकरांचे शाळेतले स्मारक पाहिले, आरवलीला वेतोबाचे दर्शन घेतले, मिठागरांवरून चाललो. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना पुळणीवर नेले. कॅमेरे काढले गेलेच. मग हाक आली, आणि ते दोराला लागले. रापण त्या दिवशी रिकामीच आली म्हणायची: दोन पाट्या तारल्या आणि मुठीत मावतील एवढे बांगडे. तरीही वाटे पडले. अकरा विद्यार्थ्यांना मिळून सात बांगडे मिळाले आणि ते एका मुलीने आपल्या ओढणीच्या टोकात बांधून घेतले. आम्ही लॉजवर उतरलो होतो, चूल आमच्यापाशी नव्हती. तिठ्यावर येऊन उभे राहिलो तर दुकानाच्या फळीवर आता दुसरे एक गृहस्थ बसलेले. त्यांनी टपकणाऱ्या ओढणीकडे पाहिले आणि विचारले, "ह्ये आता कोणागेर नेतास?"